श्रावणाचा नकाशा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची एक वही मात्र मी पाहिली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या घरच्यांनी ती माझ्या हाती दिली. सातपुड्यातल्या नोकरीच्या काळातली, हाताने रेघा मारलेली, कडेने वाळवी लागलेली वही. तारीख, गाव, पाडा, दुखणं, औषध असे रकाने, आणि शेवटचा रकाना ‘वाट’ नावाचा. त्या रकान्यात मैल नाहीत, किलोमीटर नाहीत. तास आणि मिनिटं आहेत. जातानाची वेगळी, येतानाची वेगळी. चैत्रात दीड तासाचा असलेला पाडा आषाढात साडेतीन तासांवर गेलेला दिसतो. काही ठिकाणी वेळेच्या जागी नुसतं नाल्याचं नाव आहे आणि पुढे रेघ मारलेली आहे. त्या दिवशी नाल्याचं पाणी उतरलं नाही आणि डॉक्टर परत फिरले, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

मी भूगोल शिकवते. वीस वर्षं संगणकावर नकाशे करते आहे आणि त्यातली निम्मी एकाच प्रश्नात गेली : खेड्यातल्या माणसाला दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे नकाशावर कसं मोजायचं? उपग्रहाची चित्रं, उंचीचे आकडे, रस्त्यांच्या नोंदी एवढं सगळं गोळा करून मला जे काढायचं होतं, ते या माणसाने पायांनी काढून शेवटच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं. म्हणून इथे बोलण्याचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

आपल्याकडे दवाखाना कुठे असावा हे लोकसंख्येवरून ठरतं. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्या अहवालातली. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रं उभी राहू लागली. आजचे निकष इथल्या पुष्कळांना पाठ असतील : सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. डोंगराचा विचार निकष ठरवणाऱ्यांनी केला होता, म्हणून तर आकडे खाली आणले. पण माणसं मोजली की वाट मोजली जाते, ही समजूत तशीच राहिली.

एक साधा हिशोब करून बघा. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १०.७३ लाख होती आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे साधारण ७४ माणसं. आता २०,००० माणसांमागे एक केंद्र हा निकष तंतोतंत पाळला, एकही केंद्र कमी पडू दिलं नाही, तरी एका केंद्राच्या वाट्याला २७० चौरस किलोमीटर येतात. बृहन्मुंबईच्या साधारण निम्म्याएवढा हा मुलूख, आणि तोही जंगलाचा, मधून नद्या वाहणारा. कागदावर निकष पूर्ण. भामरागडच्या पलीकडच्या गावात ताप आलेल्या पोराला खांद्यावर घेऊन निघालेल्या बापाला त्या पूर्ततेचा उपयोग किती, हे तिथे जाऊन आलेल्याला सांगावं लागत नाही.

जनगणनेच्या ग्रामसूचीतही दवाखान्याच्या अंतराची नोंद असते. गावात सोय नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहाच्या दरम्यान आहे की दहाच्या पुढे, एवढं एका अक्षराने लिहिलेलं असतं. ही नोंद मी टाकाऊ मानत नाही. देशभरातल्या गावांची अशी यादी असणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र सातपुड्यात ‘पाच किलोमीटरच्या आत’ म्हणजे काय? १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याचा एक ठोकताळा मांडला. तो आजच्या मापात सांगायचा तर सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पाड्यापासून दवाखाना सरळ रेषेत चार किलोमीटर आहे, पायवाट वळणावळणाने सहा किलोमीटर होते, आणि वाटेत एक धार ओलांडताना ६०० मीटर चढावं लागतं असं धरा. चालायला ७२ मिनिटं, चढाची ६०. दोन तास बारा मिनिटं झाली, तीही धडधाकट, रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाची. सरळ रेषेचं अंतर धरलं, तर सूचीत मात्र हा पाडा ‘पाच किलोमीटरच्या आत’ या सर्वांत सुखाच्या गटात बसतो.

आरोग्याच्या नकाशांची गोष्ट १८५४ च्या लंडनमधल्या पटकीच्या साथीपासून आणि डॉ. जॉन स्नो यांच्यापासून सांगण्याची रीत आहे. ती तुम्ही ऐकलेली असेल, म्हणून मी सोडते. आजच्या विषयाचा पूर्वज मला फ्रान्सिस गॉल्टन यांच्या नकाशात दिसतो. १८८१ मध्ये त्यांनी लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा नकाशा केला आणि सारख्या वेळाचे प्रदेश एकेका रंगाने दाखवले. शाळेत आपण समोच्च रेषा शिकतो, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या. तशाच सारख्या वेळाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना समकाल रेषा म्हणता येईल. दवाखान्याभोवती अर्ध्या तासाची, एका तासाची, दोन तासांची अशा रेषा काढायच्या. सपाटीवर त्या जवळपास गोल येतात. डोंगरात त्यांचे आकार कसे होतात, ते आपण पुढे बघणार आहोत.

या रेषा काढतात कशा, ते थोडं सविस्तर सांगते. ही गूढ विद्या नाही, आणि तिची भीती बाळगण्याचं कारणही नाही.

आधी जमिनीची उंची लागते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते, सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनांत. एका चौरस किलोमीटरमध्ये असे अकराशे चौकोन बसतात. गडचिरोलीसारखा जिल्हा घेतला तर दीड कोटीहून जास्त. प्रत्येक चौकोनाला आपण विचारतो, तुला ओलांडायला किती वेळ लागेल? डांबरी रस्ता असेल तर गाडीचा वेग, कच्चा रस्ता असेल तर त्याहून कमी, शेत असेल तर पायी, दाट रान असेल तर आणखी सावकाश, नदी असेल तर वाट बंद. मग चढ-उताराचा हिशोब येतो. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञांनी १९९३ मध्ये त्यासाठी एक सूत्र दिलं. त्यानुसार सपाटीवर माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. शंभर मीटरला वीस मीटर चढ असेल तर वेग अडीचवर येतो. उतारावर माणूस भरभर जातो ही समजूतही नेहमी खरी नसते. शंभराला तीस असा उतार असेल तर उतरतानाही वेग अडीचच राहतो, कारण पाय जपून टाकावा लागतो. सातपुड्यात सरपणाचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाईला हे कोणी सांगायला नको.

प्रत्येक चौकोनाची मिनिटं ठरली की दवाखान्याच्या बिंदूपासून संगणक पाणी सोडतो, असं समजा. शेतात बारं दिल्यावर पाणी आधी खोलगट पाटातून धावतं, ढेकळांत अडतं, उंचवट्याला वळसा घालतं. तसाच वेळ रस्त्याच्या चौकोनांतून लवकर पसरतो, रानात रेंगाळतो, नदीशी थांबतो आणि पूल सापडला की पलीकडे जातो. जिथे तासाभरात पोचतो तिथवर हिरवा रंग, दोन तासांपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. जागतिक आरोग्य संघटनेसाठी घडवलेली ‘ॲक्सेसमॉड’ नावाची प्रणाली हेच काम करते आणि ती विनामूल्य आहे. नकाशे पाहायला-रंगवायला ‘क्यूजीआयएस’ आहे, तीही विनामूल्य. माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी महाविद्यालयाच्या जुन्या संगणकांवर हे शिकतात.

या पद्धतीने साऱ्या जगाचा नकाशा झालेला आहे. मलेरिया ॲटलस प्रोजेक्टच्या संशोधकांनी इतरांबरोबर केलेलं काम २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलं. गाडी हाताशी आहे असं धरलं तरी जगातल्या ८.९ टक्के, म्हणजे ६४ कोटी ६० लाख लोकांना तासाभरात दवाखाना गाठता येत नाही. आणि चालतच जायचं असेल तर हा आकडा ४३.३ टक्क्यांवर, ३१६ कोटींवर जातो. त्याआधी २०१८ मध्ये सहारापलीकडच्या आफ्रिकेतल्या ४८ देशांतली आणि बेटांवरची ४,९०८ सरकारी रुग्णालयं नकाशावर मांडली गेली, तेव्हा २९ टक्के लोक रुग्णालयापासून दोन तासांहून दूर निघाले. या आकड्यांनी प्रश्न जगासमोर आला, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण जगाच्या नकाशावर अक्राणी तालुका नखाएवढाही नसतो. तिथल्या एका पाड्याचं काय, हे त्या नकाशाला विचारता येत नाही. ते विचारायला आपल्यालाच जावं लागतं.

मी गेले, आणि माझा पहिला नकाशा चुकला.

नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी, आपण ज्याला धडगाव तालुका म्हणतो तो. नकाशा मोठ्या कागदावर छापून मी एका आरोग्य केंद्रातल्या आशाताईंच्या मासिक बैठकीत भिंतीवर लावला. एक ताई उठल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि हिरव्या रंगावर बोट ठेवून म्हणाल्या, “मॅडम, माझा पाडा इथे दाखवला तुम्ही. पण आम्ही इथे राहत नाही.” मग त्यांनी बोट वर सरकवलं, तीन बोटं अंतर, लाल रंगात. “इथे राहतो.”

चूक काय होती ते मला कळायला वेळ लागला नाही, आणि ती माझ्या एकटीची नव्हती. सरकारी नोंदीत एका महसुली गावाला एक बिंदू असतो. देशावरच्या गावाला ते चालतं; घरं गावठाणात दाटीने असतात, मळ्यातली वस्ती फार तर कोसभर. सातपुड्यात एका महसुली गावाचे दहा-दहा पाडे असतात आणि ते वेगवेगळ्या धारांवर, वेगवेगळ्या नाल्यांच्या पलीकडे. गावाचा बिंदू पडतो खाली, रस्त्याशी. त्या एका बिंदूच्या नावावर डोंगरमाथ्यावरची शेकडो माणसं दवाखान्याजवळ राहायला येतात, कागदावर. मेळघाटात ढाने आहेत, कोकणात धनगरवाडे आहेत. नाव बदलतं, प्रकार हाच.

त्या दिवशी नकाशावर पेन फिरले. ताईंनी पाडे दाखवले, पायवाटा ओढल्या, माझ्या यादीत नसलेली नावं सांगितली. नंतर माझ्या विद्यार्थ्यांनी मोबाईलमध्ये वाट नोंदवत त्यांच्याबरोबर ते पाडे चालून काढले. तोपर्यंत मी लोकांच्या ज्ञानाबद्दल वर्गात बोलत असे. त्या बैठकीनंतर त्यांना विचारल्याशिवाय मी एकही नकाशा पुरा केलेला नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

नकाशा करणाऱ्याच्या लेखी पाणी म्हणजे अडथळा. निळा रंग दिसला की वाट बंद. नर्मदेच्या काठावर हे साफ खोटं ठरतं. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावांच्या खालच्या जमिनी, जुन्या वाटा पाण्यात गेल्या. आता तिथे पाणी हाच रस्ता आहे. लोक बोटीने जातात, तरंगता दवाखाना बोटीतून येतो. संगणकाला मी आधी सांगितलं होतं की निळ्या चौकोनात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे माझ्या नकाशात काही पाडे कुठूनच न पोचण्याजोगे निघाले. मग बोटीचा वेग घातला. तेव्हा नवी अडचण आली : जलाशयाची पातळी वर्षभर सारखी राहत नाही. पाणी उतरलं की काठाशी गुडघाभर गाळ उघडा पडतो आणि बोट लागते तिथून कोरड्या जमिनीपर्यंतचे थोडेसे मीटर आजारी माणसाला नेणं हे साऱ्या प्रवासातलं सर्वांत कठीण काम होतं. हे उपग्रहातून दिसत नाही. बोटवाल्याला विचारावं लागतं.

आणि सातपुड्यातले नाले. खानदेशात ज्याला आपण फरशी पूल म्हणतो, तो नकाशावर रस्त्याचाच भाग असतो, अखंड रेघ. पहिल्या मोठ्या पावसात फरशीवरून पाणी जातं आणि रेघ तुटते. पलीकडचे पाडे काही तास, कधी काही दिवस, कोणत्याच दवाखान्याच्या हद्दीत नसतात. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. आपण तिला पुराची बातमी समजतो. ती आरोग्याचीही बातमी आहे. दक्षिण मोझांबिकमध्ये गरोदर बायांच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेचा ऋतूनुसार अभ्यास झाला आहे; कोरड्या दिवसांचा नकाशा पावसाळ्यात टिकत नाही हे तिथेही दिसलं. म्हणून मी आता प्रत्येक तालुक्याचे दोन नकाशे करते. एक चैत्राचा, एक श्रावणाचा. दोन्ही शेजारी शेजारी लावले की बोलायची फारशी गरज उरत नाही. हिरवा रंग आकसतो आणि नाल्याच्या या काठापाशी करवतीने कापल्यासारखा थांबतो.

माझं मत स्पष्ट आहे : दवाखान्याची, रुग्णवाहिकेची, रस्त्याची कोणतीही योजना श्रावणाच्या नकाशावरच आखली पाहिजे. चैत्राच्या नकाशावर आखलेली योजना, ज्या महिन्यांत साप सर्वांत जास्त चावतात, मलेरिया वाढतो आणि जुलाबाच्या साथी येतात त्या महिन्यांतच लोकांना सोडून जाते.

वेग कोणाचा धरायचा, हाही प्रश्न आहे. सूत्रातला माणूस निरोगी आहे, एकटा आहे, दिवसाउजेडी चालतो आहे. दवाखान्याकडे निघालेला माणूस असा नसतो. आपल्याकडे आजारी माणूस झोळीतून येतो. बांबूला चादर किंवा गोधडी बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा, बाकीच्यांनी पाळीने बदलायचं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बांबूलन्स’ असं नाव दिलं आहे. मला ते नाव वापरवत नाही. झोळी निघायला आधी माणसं जमावी लागतात. पाड्यातले पुरुष ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेले असतील तर खांदा द्यायला कोण? म्हणजे वाटेचा वेळ सुरू होण्याआधीच घड्याळ चालू झालेलं असतं.

जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांची. तिने जीव वाचवले आहेत, याची साक्ष या सभागृहातलेही काही जण देतील. मात्र गाडी येते ती रस्ता संपतो तिथपर्यंत. पाड्यापासून तिथवर झोळी. शिवाय आधी फोन लागायला हवा. कितीतरी पाड्यांत मोबाईलची रेंज विशिष्ट टेकडीवर, विशिष्ट झाडाखालीच मिळते. रात्री दोन वाजता कोणीतरी विजेरी घेऊन आधी ती टेकडी चढतो. आमच्या नकाशात आता रेंज मिळण्याच्या जागाही आहेत. फोनच्या टेकडीपर्यंतची मिनिटं आम्ही वाटेच्या वेळात धरतो.

इथवर मी वाटेबद्दल बोलले. वाट जिथे संपते त्या बिंदूबद्दलही बोललं पाहिजे. नकाशावर दवाखान्याची खूण म्हणजे लाल अधिक चिन्ह. ते इमारतीचं चिन्ह आहे. माणूस इमारतीकडे जात नाही, उपचाराकडे जातो. उपकेंद्रात लसीकरण होईल. अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन होणार नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी एकाच छपराखाली लागतात. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर हातात साधारण दोन तास असतात, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. तातडीच्या शस्त्रक्रिया दोन तासांच्या अंतरात मिळाव्यात, हाच निकष ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये मांडला. तेव्हा एकाच तालुक्याचे वेगवेगळे नकाशे व्हायला हवेत. तापाच्या गोळीचा वेगळा, सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा वेगळा, सिझेरियनचा वेगळा. पहिला नकाशा बराचसा हिरवा असतो. शेवटच्या नकाशात हिरवं फार थोडं उरतं. आमच्या कामात एका ठिकाणी असं झालं की आम्ही हिरव्या दाखवलेल्या वस्त्यांचं केंद्र दुपारनंतर कुलूपबंद असे. ते केंद्र कोणतं हे मी सांगणार नाही. कारण तिथल्या परिचारिकेला राहायला घर नव्हतं आणि दोष तिच्या एकटीच्या माथी मारणं मला मान्य नाही. आम्ही त्या बिंदूला वेळ जोडली : सकाळी आहे, रात्री नाही.

सीमेचा प्रश्न थोडक्यात सांगते. नकाशे जिल्ह्याचे, राज्याचे होतात. आजारी माणूस हद्द बघत नाही. मेळघाटातल्या धारणीकडचे लोक मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर-खंडव्याला जातात, नर्मदाकाठचे गुजरातेत उतरतात. सीमेवर नकाशा कापला की ही माणसं आहेत त्याहून अधिक निराधार दिसतात, आणि ती ज्या परराज्यातल्या दवाखान्यावर जगतात तो आपल्या नियोजनात येतच नाही.

नकाशाने सगळं मोजता येतं असं मी तुम्हाला सांगायला आलेले नाही. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले : उपचाराला जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. माझा नकाशा मधला विलंब मोजतो. पैसे नाहीत म्हणून झालेला उशीर, दवाखान्यात आपली भाषा कळत नाही, आपल्याला हिडीसफिडीस करतात म्हणून झालेला उशीर त्यात दिसत नाही. पण त्या दोघींनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती मला डोंगरात पुन्हा पुन्हा जाणवली. लांबच्या वाटेने पोचायला तर उशीर होतोच, निघायचं ठरवायलाही होतो. रात्र आहे, पाऊस आहे, चार माणसं जमवायची आहेत. मग घरातले म्हणतात, सकाळपर्यंत बघू. ‘हे लोक वेळेवर येतच नाहीत’ असं शहरातल्या रुग्णालयात ऐकू येतं तेव्हा मला तो श्रावणाचा नकाशा तिथल्या भिंतीवर लावावासा वाटतो.

मग याचा उपयोग काय? पहिला उपयोग बाळंतिणींना. आदिवासी भागात दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच येऊन राहावं म्हणून आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ची योजना आहे. जून ते सप्टेंबरमध्ये कोणाचे दिवस भरणार ही यादी आशाताईंकडे असतेच. ती श्रावणाच्या नकाशाशी जुळवली की मे महिन्यातच कळतं, कोणत्या पाड्यातल्या कोणाला पाऊस जोर धरण्याआधी खाली आणायचं, तिच्या लहान मुलांचं काय करायचं, बुडणाऱ्या मजुरीचं काय करायचं. ही यादी मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच हाती राहिली पाहिजे. कोणत्या घरात कोण गरोदर आहे हे भिंतीवर लावायचं नसतं.

दुसरा उपयोग खर्च ठरवताना. संगणकात नवं उपकेंद्र ठेवून बघता येतं, तसा एखादा साकवही टाकून बघता येतो. नाल्यावर पायी जाण्यापुरता पूल टाकला तर श्रावणात किती माणसं दोन तासांच्या आत येतात, हे बांधण्याआधी कळतं. इमारतीपेक्षा साकव जास्त जीव वाचवेल अशा जागा मी पाहिल्या आहेत. तो साकव बांधकाम खात्याच्या यादीत असतो, आरोग्य खात्याच्या नसतो, म्हणून तो राहून जातो. आरोग्याच्या पैशातून साकव बांधता आला पाहिजे, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे आणि आजही सांगते.

यासाठी लागणारी माहिती आता बंद कपाटात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची बरीच जुनी बंधनं उठली. पुढच्या वर्षी पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या निमित्ताने गोळा केलेल्या ग्रामीण भागातल्या आठ लाखांहून अधिक सोयींच्या जागा, त्यात दवाखानेही, सर्वांसाठी खुल्या झाल्या. कमी आहे ती पाड्यांची माहिती. ती दिल्लीहून येणार नाही, नागपूरहूनही येणार नाही.

आशाताईंना जे माहीत आहे त्यात माझ्या नकाशाने नवी भर काही घातलेली नाही. कोणता नाला कोणत्या महिन्यात अडवतो हे त्यांना, दाईला, झोळीला खांदा देणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पण ते बैठकीत सांगितलं की तक्रार ठरते, आणि रंगवून टेबलावर ठेवलं की पुरावा ठरतो. हा फरक मला आवडत नाही. तरीही, जोवर तो आहे, तोवर नकाशे करून देणं हे माझ्या विषयाचं कर्तव्य मी समजते.

म्हणून एक विनंती करून थांबते. या सभागृहात डोंगरातल्या आश्रमशाळांचे शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, सुट्टीला वर पाड्यावर जाणारे विद्यार्थी आहेत. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या गावाचे सगळे पाडे लिहा, प्रत्येकाचं नाव, घरं, दवाखान्यापर्यंत झोळीला लागणारा वेळ, उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला. अडवणाऱ्या नाल्यांची नावं लिहा, फोन लागणारी टेकडी लिहा. ज्यांचा पाडा स्वतंत्र गाव व्हावा अशी इच्छा आहे, त्यांना महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांच्या) नियमांत तशी वाट आहे. तिथेही ही नोंद कामी येईल. ठराव करा आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, एक आमच्याकडे पाठवा. नकाशा करून द्यायचं काम माझं आणि माझ्या विद्यार्थ्यांचं, त्याचे पैसे लागणार नाहीत. १ मेनंतर मृग लागायला जेमतेम पाच आठवडे असतात.